डीपीचा पंचम: सोलापुरातल्या एका बैठकीचं प्रकरण

गेल्या एप्रिलमध्ये सोलापूरच्या पूर्व भागात, एका समाजाच्या सभागृहात, आम्ही चौघांनी बावीस मिनिटांची एक रचना वाजवली. व्हायोलिन, सुंदरी, पखवाज आणि लॅपटॉप. नव्वद खुर्च्या मांडल्या होत्या, साठेक भरल्या. त्याआधी सहा तालमी झाल्या, त्यांतल्या पहिल्या तीन पार वाया गेल्या. त्या का वाया गेल्या आणि चौथीपासून काय बदललं, याची ही हकीकत. लॅपटॉपच्या मागे मीच बसलो होतो, त्यामुळे कुठं काय चुकलं हे मला पक्कं ठाऊक आहे.

आधी माणसं. रचना व्हायोलिनवाल्या बाईंची. गेली पंचवीस वर्षं त्या शहरात शिकवतात, आणि आम्ही तिघंही त्यांना बाईच म्हणतो. पखवाजाला बुवा, पंढरपूरच्या बाजूचे; हात सगळा कीर्तनाच्या साथीत तयार झालेला. सुंदरी वाजवणारा पोरगा एकवीस वर्षांचा, शिकाऊ, पण दमसास असा की ऐकणाऱ्याचाच श्वास अडकावा. माझं दिवसा अॅम्प्लिफायर-इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान, रात्री नाटकांचा आणि भजनांचा साउंड.

सुंदरी बाहेरगावच्या वाचकांना माहीत नसेल. शहनाईच्या जातीचं, पण शहनाईपेक्षा बरंच लहान वाद्य. त्याचं नातं अक्कलकोटच्या दरबाराशी सांगतात आणि ते वाढवलं, टिकवलं ते सोलापूरच्या जाधव घराण्यानं; पं. सिद्धराम जाधव यांचं नाव घेतल्याशिवाय सुंदरीची गोष्ट इथं कुणी सुरू करत नाही. लहान असलं तरी हे वाद्य बोलतं मोठ्यानं. हा मुद्दा पुढं महत्त्वाचा ठरला.

बाईंचं बालपण यंत्रमागाच्या भिंतीला भिंत लावून गेलं. चादरीच्या कारखान्याचा खडखडाट हीच त्यांच्या रियाजाची पार्श्वभूमी. तो आवाज त्यांना रचनेत हवा होता, पण सिनेमात येतो तसा मागे वाजत राहणारा नको होता. त्याला चौथ्या वादकाची जागा द्यायची होती. त्यांनी मला सांगितलं ते एवढंच: "मागाला पण आलाप करता आला पाहिजे."

हसू आलं होतं, आता येत नाही.

पहिल्या तीन तालमी

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या कारखान्यात जाऊन माग रेकॉर्ड केला. मालक भला माणूस. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे माग बंद असताना त्यानं माझ्यासाठी एकच माग चालू करून दिला, म्हणजे आवाज स्वच्छ मिळेल. घरी येऊन मोजलं: मिनिटाला ११२ फेरे. धोटा, म्हणजे आडवा धागा ओढत नेणारी नळी, डावीकडून उजवीकडे जातो तेव्हाचा ठोका आणि परत येतो तेव्हाचा ठोका यांत बारीकसा फरक होता. चालताना एक पाय किंचित ओढावा तसा. त्या लंगडण्यावर मी खूश झालो. त्यावर संगणकातले सूर चढवले, शेवटी मिलचा भोंगा तयार केला, आणि सगळं मिळून बावीस मिनिटांची एक पक्की फाइल बांधली. वादकांनी तिच्यासोबत वाजवायचं.

पहिल्या तालमीत सातव्या मिनिटाला घोटाळा झाला. राग मारवा होता. पोरगा धैवतावर थांबला होता आणि फार सुरेख थांबला होता. अजून अर्धा मिनिट तिथंच राहणार हे बाईंना आणि बुवांना कळत होतं. फाइलला कळलं नाही. सात मिनिटं चाळीस सेकंदांना माग सुरू व्हायचा होता, तो झाला. पोरानं दचकून सूर सोडला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी स्क्रीनकडे पाहिलं.

दुसऱ्या तालमीला मी उपाय आणला: कानात हेडफोन, त्यात टिकटिक आणि पुढच्या जागेची आगाऊ सूचना. स्टुडिओत हे रोज चालतं. बुवांनी दोन मिनिटं ते कानाला लावलं, मग काढून पखवाजाच्या शेजारी ठेवलं. म्हणाले, "कीर्तनकार दृष्टांतात रंगला की मी थांबतो. त्यानं मान हलवली की मी उचलतो. हा कोण, जो मला थांबूच देत नाही?" त्यांनी डाव्या तोंडाला कणीक लावली होती आणि एप्रिलच्या उकाड्यात ती वाद मिटायच्या आत सुकायला लागली. उरलेला वेळ ते ओल्या फडक्यानं ती ओली ठेवत बसले, माझ्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या तालमीत मी जास्त हुशारी केली. संगणकालाच ऐकायला लावायचं ठरवलं. सुंदरीसमोर माइक, सुंदरीचा सूर थांबून पुन्हा सुरू झाला की संगणकानं पुढच्या भागात जायचं. पण त्याच माइकात पखवाजाची थापही शिरत होती, आणि संगणकाला थाप म्हणजे सुंदरीचा नवा सूर वाटत होता. बुवांनी एक साधी परण वाजवली आणि आमची रचना बारा सेकंदांत चार भाग ओलांडून भोंग्यापाशी पोचली.

ही अडचण जुनी आहे

त्या रात्री मी पुन्हा वाचायला बसलो. ब्रुनो मादेर्ना या इटालियन संगीतकारानं १९५२ मध्येच बासरी, झांज आणि टेप यांना एकत्र आणलं होतं. जर्मन संगीतकार स्टॉकहाउझननं १९६० च्या 'कोन्टाक्ट'मध्ये पियानो आणि तालवाद्यं टेपसमोर बसवली. या सगळ्यांत टेप स्वतःच्या गतीनं जाते आणि माणसानं तिला गाठायचं असतं. फ्रेंच संगीतकार पिएर बुलेझनं १९५८ मध्ये वाद्यवृंद आणि टेप यांची एक रचना केली आणि नंतर ती चक्क मागे घेतली. १९७७ मध्ये पॅरिसला त्याची इर्काम ही संस्था उघडली. वादकाचा आवाज जागच्या जागी घेऊन बदलणारी यंत्रं तिथं घडायला लागली. तिथंच १९८७ मध्ये संगीतकार फिलिप मानुरी आणि संगणकतज्ज्ञ मिलर पकेट यांनी बासरीसाठी 'ज्युपिटर' केली. संगणकाला बासरीची स्वरलिपी आधीच ठाऊक असते, तो बासरी ऐकत ऐकत लिपीवर बोट ठेवून पुढं सरकतो, वादक रेंगाळला की तोही रेंगाळतो.

वाचून आनंद झाला आणि लगेच विरला. आमच्याकडे लिपी कुठाय? पोरगा आज धैवतावर तीस सेकंद थांबेल, उद्या सत्तर. बोट कशावर ठेवायचं?

टेपच्या मागं चालणं वाईटच, असं मला म्हणायचं नाही. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशच्या १९८८ च्या 'डिफरंट ट्रेन्स'मध्ये चार तंतुवाद्यं रेकॉर्ड केलेल्या बोलण्याच्या आणि आगगाड्यांच्या मागून धावतात, आणि ती रचना त्या धावण्यावरच उभी आहे. गाडी कुणासाठी थांबत नसते, तेव्हा तिथं ते शोभतं. आमच्या रचनेत आलाप होता. आलापाला वाट पाहणारा जोडीदार लागतो.

(मध्यंतरी एका जाणत्या रसिकानं हे सगळं परदेशी खूळ म्हणून उडवून लावलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर उभा करून दिला होता आणि गीता साराभाई त्या स्टुडिओत रचना करत होत्या, हे मी त्यांना सांगितलं. शिवाय हार्मोनियमवर आकाशवाणीनं १९४० मध्ये बंदी घातली होती, ती १९७१ पर्यंत टिकली. आज तेच रसिक हार्मोनियमशिवाय गायला बसत नाहीत.)

जॉबरमामा

तिसऱ्या तालमीनंतर दोन दिवसांनी दुकानात एक मामा आले. बाईंच्या जुन्या शेजारचे, आयुष्यभर जॉबर म्हणून, म्हणजे मागांची जुळणी-दुरुस्ती बघत, राबलेले. घरी तेलुगू, बाहेर आपलं सोलापुरी मराठी. मागाच्या आवाजात इतकी वर्षं काढलेल्या माणसांचं होतं तसं त्यांचंही झालंय, ऐकू कमी येतं. इन्व्हर्टर दुरुस्तीला आणला होता. मी स्पीकरवर मागाची फाइल लावून बसलो होतो.

मामांनी कान पुढं केला नाही. स्पीकरच्या लाकडी खोक्यावर पंजा पालथा ठेवला, वैद्य नाडी बघतो तसा, आणि जरा वेळानं म्हणाले, "हा माग मोकळा चाललाय की. बाणा कुठाय यात?"

बाणा म्हणजे कापडातला आडवा धागा. खरंच नव्हता. मालकानं सूत वाया जाऊ नये म्हणून धोट्यात भरलेली कांडी घातलीच नव्हती. फणी कापडावर येऊन आदळते तेव्हाचा जड दबका आवाज माझ्या रेकॉर्डिंगमध्ये नव्हताच. मी आठ दिवस जे ऐकत होतो ते नुसतं यंत्राचं हात-पाय आपटणं होतं. पण मला त्याहून दुसऱ्या वाक्यानं पकडलं. मामा म्हणाले, "काटा बांधून ठेवला असंल त्यानं. नाहीतर हा चालतोच कसा?"

काटा म्हणजे काय, हे त्यांनी माझ्या पावतीपुस्तकाच्या पाठीमागं काढून दाखवलं. फणीच्या एका कडेला छोटी जाळी असते, तिच्यासमोर बारीक दात्यांचा एक काटा. बाण्याचा धागा असला तर तो मध्ये येऊन काट्याला कलवतो. धागा तुटलेला असला तर दाते जाळीतून आरपार जातात, काट्याच्या मागचा आकडा हातोडीत अडकतो, हँडल सुटतं आणि माग उभा राहतो. ही तपासणी दर दोन फेऱ्यांनी एकदा. वीज नाही, सेन्सर नाही, सगळं लोखंड. मिनिटाला ११२ फेरे घेणारा माग मिनिटाला छप्पन्न वेळा विचारतो, धागा आहे का.

मी मामांना आमची अडचण सांगितली. त्यांना ती फार काही वाटली नाही. "माणूस थांबला तरी तुमचा कॉम्प्युटर पुढं जातोय? काटा नाही का त्याला?"

नव्हता. तीन तालमी मी ज्या गोष्टीशी झटत होतो ती एवढीच होती, आणि मामांनी ती इन्व्हर्टरची वाट बघता बघता सांगितली.

काटा बसवला

बावीस मिनिटांची फाइल फेकून दिली. त्याच मालकाकडे पुन्हा गेलो, या वेळी पाळी बदलताना, चादर चढलेली असताना. दहा मिनिटं त्यानं शेजारचे माग थांबवले. त्या दहा मिनिटांचं मोल मला कळतं. त्या रेकॉर्डिंगमधून चाळीस फेरे वेगवेगळे कापून घेतले. एकच फेरा पुन्हा पुन्हा वाजवला की कान चार ठोक्यांत ओळखतो आणि मागाचं घड्याळ होतं. म्हणून संगणक दर वेळी चाळिसांतले कुठलेही दोन उचलतो, एक जाणारा, एक येणारा. लंगडणं राहतं, पण एक लंगडणं दुसऱ्यासारखं नसतं.

हे सगळं प्युअर डेटा नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केलं. ते त्याच मिलर पकेटनं 'ज्युपिटर'नंतर काही वर्षांनी लिहिलं. रचनेचे चौदा भाग पाडले. प्रत्येक भागाला शेवट नाही. दर दोन फेऱ्यांनी संगणक विचारतो, पेडल दाबलं का? दाबलं नसेल तर आणखी दोन फेरे तिथंच. दाबलं असेल तर पुढचा भाग. माग नसलेल्या भागांत, जिथं नुसते लांब सूर आहेत, तिथंही तेच: सूर धरून ठेवायचा, हलायचं नाही. पेडल म्हणजे कीबोर्डचं साधं सस्टेन पेडल, माझ्या उजव्या पायाखाली.

म्हणजे ऐकण्याचं काम शेवटी संगणकाकडून काढून मी माझ्याकडे घेतलं. पॅरिसवाल्यांच्या मानानं ही माघार आहे, मान्य. पण यामुळे माझी बसायची जागा बदलली. आधी मी सभागृहाच्या मागच्या टोकाला मिक्सरपाशी होतो. आता बुवांच्या डाव्या हाताला, सतरंजीवर, पोराचे गाल दिसतील असा. सुंदरीवाला पुढचा श्वास घेण्याआधी गाल सोडतो. ती खूण कुठल्याही माइकात येत नाही. चौथ्या तालमीत पोरगा धैवतावर पन्नास सेकंद थांबला. लॅपटॉप थांबला. पोरानं गाल सोडले, मी पाय दाबला, माग आला. बुवांनी माझ्याकडे न बघता मान हलवली. त्यांच्याकडून मिळालेली ही पहिली दाद.

आवाजाच्या जागेचंही तेव्हाच सुटलं. मोठे स्पीकर मंचाच्या दोन टोकांना उंच स्टँडवर होते. वाद्यं मध्ये, माग वरून आकाशातून. बैठकीत असं चालत नाही. समोरासमोर बसून, माइकशिवाय, एकमेकांचा श्वास ऐकत वाजवायची आपली बैठक. युरोपात दिवाणखान्यात वाजवायचं चेंबर म्युझिक निघालं तेही याच कारणानं. मी मोठे स्पीकर काढले आणि दोन छोटे वादकांच्या मधोमध, मांडीच्या उंचीवर ठेवले. आवाज एक मीटर जायला साधारण तीन हजारांश सेकंद घेतो. स्पीकर सात-आठ मीटर लांब असला की पखवाजाला मागाचा ठोका कानाला कळेल इतका उशिरा येतो, आणि त्यात संगणकाचा स्वतःचा उशीर मिळवा. सुंदरीला माइक दिलाच नाही, तिला गरज नाही. उलट सगळ्यांचा आवाज तिच्यावर बेतला: ती मनापासून वाजली की मागानं तिच्याखाली राहायचं. व्हायोलिनला तेवढा एक छोटा पिकअप.

भिंतीपलीकडचा सूर

आणि मग गुणगुण. पहिल्या तालमीपासून सभागृहात एक खर्ज गुणगुण होती, ती मी आपल्या केबलींची समजत होतो. पाचव्या तालमीला पाठीमागं लागलो. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घेतली, बॅलन्स्ड केबली लावल्या, लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवला. सभागृहाच्या अर्थिंगबद्दल बोलण्यासारखं बरंच आहे, पण ते सोडतो. स्पीकर शांत झाले. गुणगुण कमी झाली, गेली नाही. शेवटी सगळं बंद केलं, पंखेसुद्धा. तरी होतीच. बाईंनी मागच्या भिंतीला कान लावला.

भिंतीपलीकडे डीपी होती, म्हणजे वस्तीला वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, आणि ट्रान्सफॉर्मरच्या आतलं लोखंड प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणतं, म्हणून तो शंभरच्या कंपनांवर गुणगुणतो. शंभर आणि त्याच्या पटीतले दोनशे, तीनशे. पेटीवर दोनशे शोधलं तर पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मध्ये पडतं, पांढरी पाचच्या जरा जवळ. आमचा षड्ज होता काळी एक. म्हणजे आमच्या पंचमाच्या पट्ट्यात, पण त्याहून दोन तृतीयांश अर्धस्वरानं उतरलेला, असा एक सूर अखंड चालू होता. आणि मारव्यात पंचम वर्ज्य. वर्ज्य सूर, तोही बेसूर, तोही कुणाला बंद न करता येणारा!

सभागृह बदलायला वेळ नव्हता, डीपी कुणी बंद करून देणार नव्हतं. मी सुचवलं की वरून एखादा जाड सूर चढवून ती झाकून टाकू. बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी व्हायोलिनच्या तारा उतरवायला घेतल्या.

डीपीचं दोनशे हा पंचम धरला तर षड्ज येतो १३३ च्या आसपास: पांढरी एकच्या थोडा वर, कुठल्याच पेटीत नसलेला. व्हायोलिनला काय, खुंट्या पिळल्या की झालं. बुवांनी गजऱ्यावर हातोडी फिरवली. पोराला जड गेलं. त्यानं जरा लांब पत्ती घेतली, वरचे सूर ओठांनी सांभाळले, दोन दिवस कुरकुरला. पेटी आमच्यात नव्हती हे नशीब. आणि पंचमाचा एवढा मोठा तानपुरा भिंतीमागं असताना मारवा गाण्यात अर्थ नव्हता, तेव्हा राग पूरिया धनाश्री झाला. कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम दोन्हीकडे आहेत, वेळ तीच सांजेची. पण धैवत कोमल झाला आणि पंचम घरात आला. पोरगा आता धैवताऐवजी पंचमावर थांबायला लागला, आणि तिथं त्याला खालून आधार होता.

हे सरळपणे झालं असं नाही. बाईंना ते लागलं होतं. "ट्रान्सफॉर्मरसाठी राग बदलायचा?" असं त्या एकदा म्हणाल्या, उत्तराची अपेक्षा न करता. मला आजही वाटतं की मारव्यातली रचना जास्त चांगली होती. त्यातली बेचैनी मागाला शोभायची. पूरिया धनाश्रीत ती जरा सुखावली.

एक गंमत मात्र त्यातून निघाली. वीज नेहमी बरोबर पन्नासवर नसते. देशाच्या ग्रिडला ४९.९० ते ५०.०५ एवढी मुभा आहे. खालच्या टोकाला असताना दोनशेचा सूर १९९.६ होतो आणि व्हायोलिनच्या पंचमाशी त्याचा अडीच सेकंदांनी एक हेलकावा पडतो. बाईंनी तो पकडला आणि आलापाची चाल त्या हेलकाव्यावर टाकली. त्या संध्याकाळी देशभरात वीज किती ओढली जात होती, त्यावर आमची लय ठरत होती.

कार्यक्रम

नवव्या खुणेला मी चुकलो. पेडल एकदा दाबलं आणि पाय घसरून दुसऱ्यांदा लागलं. दहावा भाग, बाईंचा आणि मागाचा सवाल-जवाब, गायबच झाला. एकदम अकराव्याचा पूर्ण वेगातला माग. बाईंचं गज हवेत राहिलं. बुवांनी क्षणभर ऐकलं, मग मागाच्या दोन-दोन ठोक्यांवर एक तिहाई अशी टाकली की बाई समेवर अलगद आत आल्या. ऐकणाऱ्यांपैकी कुणाला कळलं नाही. नंतर बुवा म्हणाले, "माणसाची चूक होती म्हणून सावरता आली." मी आता एकदा पेडल दाबल्यावर दोन सेकंद दुसरं दाबणं संगणकानं मोजायचंच नाही, असं करून ठेवलंय.

शेवटी भोंगा. मोरारजी गोकुळदासांनी १८७७ मध्ये उभारलेल्या जुन्या मिलपासून पुढच्या सगळ्या मिलांच्या भोंग्यांवर या गावाची घड्याळं चालली. मी बनवलेला भोंगा संगणकातल्या साध्या लहरींचा, खालून वर चढत जाणारा. तो सुरू झाला तेव्हा दुसऱ्या रांगेतल्या तीन म्हाताऱ्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. तिघांनी, एकदम. मंचावरून ते मला स्पष्ट दिसलं आणि पुढची खूण जवळजवळ चुकली.

कार्यक्रमानंतर त्यांच्यातलेच एक मला गाठून म्हणाले की माग बरोबर होता, भोंगा चुकला; खरा याहून जाड असायचा आणि सुरुवातीला खोकायचा. त्यांनी तो तोंडानं करून दाखवला. मी फोनवर रेकॉर्ड करून घेतला. काही जण मध्येच उठून गेले, एकानं विचारलं की यात गाणं कधी होणार होतं. जॉबरमामा पहिल्या रांगेत होते, पूर्ण वेळ हात खुर्चीच्या लाकडी दांड्यावर.

आता दुसऱ्या एका गावाहून बोलावणं आलंय. काय काय लागेल त्याची यादी मी पाठवली: एक टेबल, तीन पिनांचे सॉकेट एकाच बोर्डावर, सतरंजी, ओलं फडकं. बाईंनी खाली स्वतःच्या हातानं एक प्रश्न जोडला: सभागृहाला लागून डीपी आहे का?

परवा आयोजकांचा फोन आला. म्हणाले, "डीपी आहे, पण लांब आहे. अजिबात आवाज येत नाही, तुम्ही निर्धास्त या."